‘औषध’ कोणत्या वाटेनं गेलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या शेतशिवारात कीटकनाशकाला कीटकनाशक कुणी म्हणत नाही. कुणी ‘औषध’ म्हणतो, कुणी ‘दवाई’. ‘आज कपाशीला औषध मारायचंय,’ असं सांगून माणूस सकाळी घरातून निघतो. आणि गावात कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तरी लोक दबक्या आवाजात हेच म्हणतात, ‘त्यानं औषध घेतलं.’ शब्द एकच, आणि पुष्कळदा डबाही एकच. शेतकऱ्याचं कामातून बिघडणारं आरोग्य आणि त्याचं मानसिक आरोग्य हे सरकारी कागदांवर दोन वेगळे विषय आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंसमोर मात्र ते एकाच खाटेवर येऊन पडतात. म्हणून आज या दोन्ही गोष्टींबद्दल एकत्रच बोलायचं आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथले शंभरातले जवळजवळ सत्तर लोक आदिवासी आहेत. तापीकाठच्या सपाटीवर नंदुरबार, शहादा, तळोदा भागात कापूस, मिरची, पपई, केळी, ऊस. वर सातपुड्यात अक्कलकुवा, धडगावची डोंगरउताराची शेती. सपाटीवरच्या शेतात पंप पाठीवर घेणारा माणूस बऱ्याचदा शेताचा मालक नसतो, रोजानं आलेला मजूर असतो. डब्यावरचा बारीक मजकूर त्याला वाचता येतोच असं नाही. पण डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग तर दिसतो! लाल म्हणजे अतिशय जहाल. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. एवढी ओळख करून द्यायला दहा मिनिटं लागतात. फवारणी सुरू होण्याआधी सिस्टर आणि आशाताई यांनी मजुरांच्या वस्तीवर जाऊन ती करून द्यावी.

ही काळजी किती गरजेची आहे, हे २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यानं दाखवून दिलं. माणसाच्या उंचीएवढी वाढलेली दाट कपाशी, अंगातून निथळणारा घाम आणि तोंडावर येणारा फवारा. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी विष प्यायलेलं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात गेलं होतं.

फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झाली की तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. असा माणूस झोकांड्या खात बांधावर पडला, तर ‘प्यायलाय, पडू द्या’ म्हणून लोक निघून जातात. डोळ्यात बॅटरी मारून ती बारीक बाहुली ओळखणारी परिचारिका त्याचा जीव वाचवू शकते. पुढचं कामही मुख्यतः तिच्याच हातचं. स्वतः हातमोजे घालायचे, रुग्णाचे भिजलेले कपडे काढायचे, केसांपासून नखांपर्यंत साबणानं अंग धुवायचं. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात, पण ते पुरेसं झालं का, जास्त झालं का, हे तासातासाला पाहायचं ते तिनंच. नाडी किती, छातीतली घरघर थांबली का, रुग्ण हवेत काही वेचल्यासारखे हात करतोय का. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. रुग्ण शुद्धीवर आला, चहा प्यायला, म्हणजे तो सुटला असं नाही. पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. ‘उशीवरून मान उचला पाहू,’ असं त्याला पुनःपुन्हा सांगावं. मान उचलता आली नाही, तर त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारावी.

घरच्यांनीही ध्यानात ठेवावं. अशा रुग्णाला मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. पंपाचं नोझल तोंडानं फुंकू नका. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नका. मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांची हातांची आग आणि खोकला हासुद्धा कामाचाच आजार आहे. ‘मिरची आहे, झोंबणारच’ म्हणून तो सोडून देऊ नये.

आता दुसरा रुग्ण. त्याचीही लाळ गळते, त्याचीही बाहुली बारीक, त्यालाही तेच अ‍ॅट्रोपिन. सोबतचे सांगतात, ‘फवारताना लागलं.’ कधी ते खरं असतं, कधी नसतं. लोक पोलिसांना भितात, गावाला भितात. त्यांना सांगायला हवं, की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिची काळजी घेणं, तिला उपचार देणं हे शासनाचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली, आणि तिच्याबरोबर कलम ३०९ ही गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडण्याआधी नातेवाइकांना बाहेर बसवून परिचारिकेनं शांतपणे विचारावं, ‘हे अंगावर उडालं, की तुम्ही घेतलं? जगू नये असं वाटत होतं का? अजून वाटतं का?’ भिलीत, पावरीत, अहिराणीत, जी त्याची बोली असेल तिच्यात विचारावं. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते भरतं, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं बहुतेकांना मोकळं वाटतं.

आणि विचारून थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नई, कोलंबो यांच्यासह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक अभ्यास केला होता. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी काहींशी सुटीआधी तासभर बोललं गेलं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा, प्रत्यक्ष किंवा फोनवर, त्यांची चौकशी केली गेली. त्यांच्यात पुढे आत्महत्येनं गेलेल्यांचं प्रमाण हजारी दोन होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते हजारी बावीस होतं. हे काम कुण्या बड्या तज्ज्ञानंच करायला हवं असं नव्हतं. दवाखान्याचा अनुभव असलेली परिचारिका ते करू शकते.

आपल्याकडे मात्र या नऊ भेटींना ऊसतोडीची आडकाठी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत उसाच्या फडावर जातात आणि होळीला परततात. म्हणून सुटी देतानाच मजुराचा आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यावा, आणि होळीला गाव भरलेलं असताना घरभेट ठरवावी. भगत-बडव्याशीही वैर नको. रुग्ण बहुधा आधी त्याच्याकडे जातो. ‘असा माणूस आला तर माझ्याकडेही पाठवा,’ एवढं त्याला सांगून ठेवावं.

पण परिचारिकेच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझं आहे? आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र. लसीकरण, बाळंतपणं, कुपोषण, सिकलसेल, आणि वर डोंगरातली पायपीट. २०१५ मध्ये शासनानं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. त्यात नंदुरबार नव्हतं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. खानदेशात एकही नाही. तेव्हा ‘सिस्टर बघतील’ म्हणून मोकळं होता येणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली निदान एक परिचारिका हवी. फवारणीच्या महिन्यांत अ‍ॅट्रोपिनचा पुरेसा साठा हवा. पाठपुराव्यासाठी तिला वेळ आणि फोनही हवा. शिवाय, श्रीलंकेनं अतिजहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुष्कळच खाली आलं. तो निर्णय सरकारनंच घ्यायचा असतो. तो परिचारिकेच्या हातात नाही.

श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक लिहून ठेवा. तो विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालू असतो. आणि तुमच्या गावच्या सिस्टर उद्या दारात येऊन ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारू लागल्या, तर ‘बरं आहे’ म्हणून दार लावू नका. त्यांना बसायला सांगा, आणि जे खरं आहे ते सांगा.