क्लिसाँचे गेलेले वतन

1343 च्या ऑगस्टमध्ये ओलिव्हिए द क्लिसाँ या ब्रिटनीच्या सरदाराचा पॅरिसमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. त्याच्या जमिनी राजा सहाव्या फिलिपने जप्त केल्या. त्याचा मुलगाही ओलिव्हिएच. तो लहानपणीच आईबरोबर देशोधडीला लागला आणि इंग्लंडच्या आश्रयाने वाढला. 1407 मध्ये तो वारला, तेव्हा फ्रान्समधल्या अतिशय श्रीमंत सरदारांत त्याची गणना होत होती. हे वैभव त्याने तलवारीच्या जोरावर परत मिळवले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही.

वडिलांच्या जमिनींचा मार्ग मोकळा झाला तो फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातल्या 1360 च्या ब्रेतिन्यीच्या तहाने. युद्धापायी झालेल्या जप्त्या उठवण्याची तरतूद त्यात होती. याउलट 1364 मध्ये ब्रिटनीच्या गादीसाठी झालेल्या ओरेच्या लढाईत तो विजयी पक्षाकडून लढला, एक डोळाही गमावला. पण त्याला हवा असलेला गाव्रचा किल्ला ब्रिटनीच्या ड्यूकने जॉन चँडॉस या इंग्रज सेनानीला दिला, असे सांगतात. तलवारीची कमाई ती एवढी! पुढे तो फ्रान्सच्या राजाला मिळाला. ब्रिटनीतला जोस्लँचा किल्ला त्याने 1370 मध्ये मिळवला तोही लढून नव्हे, दुसरी जमीन देऊन, अदलाबदलीने. ओरेला ज्या घराण्याविरुद्ध तो लढला, त्याच घराण्याचा वारस इंग्लंडच्या कैदेत होता. क्लिसाँने त्याच्या खंडणीचा भार उचलला आणि आपली मुलगी त्याला दिली.

लढवय्या म्हणून नाव नसते तर राजाने त्याला जवळ केलेच नसते, हा आक्षेप मला मान्य आहे. 1380 मध्ये सरसेनापतिपद मिळाले ते त्या नावामुळेच. पण शूर माणसे त्या युद्धात पैशाला पासरी होती, आणि त्यांतले कितीतरी खंडणी भरता भरता कंगाल झाले. ज्याने बापाचे डोके उडवले त्याच्याच नातवाची, पाचव्या चार्ल्सची, चाकरी त्याने धरली, याला कोणी फितुरी म्हणेल. मला त्यात जमिनीवरची निष्ठा दिसते: वडिलांचे वतन होते तिथे राहायचे, तर राजाशी तोडून चालणारे नव्हते. मग सारे राजकृपेचेच म्हणायचे का? 1392 मध्ये सहाव्या चार्ल्सला वेड लागले, राजाच्या चुलत्यांनी क्लिसाँचे पद काढून घेतले, जबर दंड ठोठावला. राजकृपा संपली. तो ब्रिटनीत परतला आणि पुढची पंधरा वर्षे, मरेपर्यंत, जोस्लँ त्याच्याच ताब्यात राहिले.