भोवऱ्यातला पूर्णांक

पुंजभौतिकी ही अणूंची आणि त्याहून लहान कणांची, असे आपण पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगतो. हे वाक्य अपुरे आहे, आणि त्याची किंमत विद्यार्थी पुढे बराच काळ मोजत राहतात, असे माझे ठाम मत आहे. पुरावा म्हणून मी भोवरा पुढे करतो.

द्रव हेलियम २.१७ केल्विनखाली गेले, की ते बारीक फटींतून विनाविरोध वाहू लागते. १९३८ साली कापित्सा यांनी मॉस्कोत, तर ॲलन आणि मिसनर यांनी केंब्रिजमध्ये हे दाखवले. असा द्रव बादलीतल्या पाण्यासारखा फिरवता येऊ नये, अशी अपेक्षा होती; कारण त्याचा वेग एकाच तरंगाच्या कलेच्या (फेजच्या) उतारावर ठरतो. पण १९५० साली ऑसबर्न यांनी भांडे फिरवले, तेव्हा द्रवाचा पृष्ठभाग साध्या पाण्यासारखाच खोलगट झाला. सिद्धान्त कोसळला का? नाही. ऑनसागर यांनी १९४९ मध्येच सुचवले होते आणि फाइनमन यांनी १९५५ मध्ये सविस्तर मांडले, की द्रव बारीक भोवऱ्यांनी विणला जातो. एका भोवऱ्याला वळसा घालून परतताना कला स्वतःशी जुळलीच पाहिजे, म्हणून अभिसरण (वळशाभर वेगाची बेरीज) प्लांकचा स्थिरांक भागिले हेलियम अणूचे वस्तुमान, याच्या पूर्णांकी पटीत येते. भांडे सेकंदाला एक रेडियन फिरवले, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन हजार भोवरे! केंब्रिजमध्ये विनेन यांनी ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून अभिसरणाचा एकेक पुंज ओळखला, आणि १९७९ मध्ये बर्कलीला भोवऱ्यांच्या मांडणीची छायाचित्रे निघाली.

यावर आक्षेप येतो, की सूत्रात अणूचेच वस्तुमान आहे, म्हणजे ही अणूंचीच बेरीज. पण हा पूर्णांक कोणत्या अणूचा, या प्रश्नाला उत्तर नाही; तो साऱ्या द्रवाचा आहे. अतिसंवाहकाच्या पोकळ नळीतही १९६१ मध्ये चुंबकीय प्रवाह पुंजांनीच बांधलेला सापडला, आणि त्याच्या सूत्रातला दोनचा भाजक इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सांगून गेला. त्यानंतरच्या वर्षी जोसेफसन यांनी दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ अडथळ्यातून जोड्या पार होतील, असे भाकीत केले. अतिसंवाहकतेच्या सिद्धान्ताचे एक जनक असलेल्या खुद्द बार्डीन यांचा त्याला विरोध होता. १९६३ मध्ये अँडरसन आणि रॉवेल यांच्या मोजणीने तो मिटला. अशा सांध्यावर, म्हणजे जंक्शनवर, एक मायक्रोव्होल्ट विद्युतदाब दिला, की सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लक्ष आंदोलने होतात. अँडरसन यांनी याचा अर्थ फार सुंदर लावला: भोवरा प्रवाह आडवा ओलांडतो तेव्हा कला पूर्ण एका फेऱ्याने घसरते. अतिसंवाहकात ही घसरण व्होल्टेज म्हणून दिसते, हेलियममध्ये दाबाच्या किंवा पातळीच्या फरकाच्या रूपात. ॲव्हनेल आणि व्हारोको यांनी १९८५ मध्ये सूक्ष्म छिद्रात अशा एकेका घसरणीची नोंद घेतली.

सर्वात बळकट आक्षेप मात्र वेगळा आहे. वळसा घालून स्वतःशी जुळणे साध्या लाटांनाही जमते. मग पुंजांचा आग्रह कशाला? त्याचे उत्तर क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८० च्या दशकात बर्कलीत दिले. जंक्शनची कला ऊर्जेच्या खळग्यात अडकवून त्यांनी तपमान उतरवत नेले. उष्णतेच्या धक्क्यांनीच ती सुटत असती, तर सुटण्याचा वेग घटतच गेला असता. तो एका ठरावीक तपमानाखाली घटायचा थांबला. सूक्ष्मलहरी सोडल्यावर खळग्यातल्या ऊर्जेच्या स्वतंत्र पायऱ्याही दिसल्या. ऊर्जेच्या अडथळ्यातून पार गेली ती असंख्य जोड्यांची मिळून असलेली एकच कला.