सेवाग्रामची प्रयोगशाळा आणि हत्तीरोग

विद्यापीठाच्या उच्च पदव्यांचा विषय निघाला म्हणजे मोठे शहर, भव्य इमारती आणि ग्रंथांनी भरलेली कपाटे डोळ्यांपुढे उभी राहतात. जीवशास्त्राचे उच्च संशोधन खेड्यात होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. परंतु वर्धा शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर या समजुतीस छेद देणारे एक स्थान आहे. ते म्हणजे सेवाग्राम.

गांधीजी 1936 साली जेथे राहावयास आले, ते शेगाव 1940 साली सेवाग्राम झाले. तेथेच 1969 साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. अंगावर खादी, हाताला श्रमदान आणि सायंकाळी सर्वधर्मप्रार्थना ही येथील जीवनाची घडी. वैद्यकाच्या प्रत्येक तुकडीने एकेक खेडे आपले मानावयाचे, हाही येथला परिपाठ. या वातावरणात जीवरसायनशास्त्राचा जो विभाग वाढला, त्यात डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक विद्यार्थ्यांनी संशोधन केले. त्यांनी निवडलेला विषय दूरदेशीचा नव्हता. तो आसपासच्या खेड्यांच्या उंबरठ्यावरच बसलेला होता.

तो विषय म्हणजे हत्तीरोग. क्युलेक्स जातीचा डास गढूळ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि या रोगाचे कृमी एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेतो. प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात आणि त्यांची असंख्य सूक्ष्म पिले रक्तात फिरतात. पाय सुजून हत्तीसारखा होतो, तो मात्र फार पुढे. त्याआधी माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो आणि नकळत रोगाचा पुरवठाही करीत असतो. पाय एकदा विद्रूप झाला की औषधाने तो पूर्ववत होणे कठीण. म्हणून रोग ओळखावयाचा तो पाय सुजण्यापूर्वी. येथेच सारी अडचण आहे.

हे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास अंगभर संचार करू लागतात. गेल्या शतकाच्याही आधी, चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन या वैद्याने 1877 साली या जंतूंचा डासाशी असलेला संबंध दाखविला, आणि पुढे त्यांची ही रात्रीची रीतही त्यानेच उघड केली. तेव्हा ज्यास रोग शोधावयाचा, त्याने रात्रीच गावात जावे, हे ओघानेच आले.

दिवसभर कपाशीत राबलेले कुटुंब नुकतेच आडवे झालेले. अशा वेळी दार वाजवून, ज्याला काहीच होत नाही अशा माणसाचे बोट टोचावयाचे आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यावयाचा. ही मागणी सोपी नव्हे. केवळ पदवीच्या जोरावर ती कोणी मान्य करीत नाही. घरातील वृद्धाने 'या' म्हणावे लागते, आणि त्यासाठी वऱ्हाडी बोलीत दोन शब्द बोलता यावे लागतात, ओसरीवर टेकावे लागते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या तरुण संशोधकाचे हेच पहिले शिक्षण. सूक्ष्मदर्शकाचे शिक्षण त्यानंतरचे.

हरिनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी रोग्यांच्या रक्तातून मिळालेले जंतू पोषक द्रवात काही काळ जिवंत ठेविले. जंतू त्या द्रवात जे पदार्थ सोडीत, ते त्यांनी वेगळे काढले. शरीराची संरक्षक शक्ती ज्यामुळे जागी होते, असे हे प्रतिजन होत. ते हाती आल्यावर रक्तातील प्रतिद्रव्याचा शोध दिवसाही घेता येऊ लागला, कारण प्रतिद्रव्यास रात्रीचे बंधन नसते. पेनिसिलिनचे विघटन करणारे एक विकर या चाचणीत योजिले गेले. पिष्ठ आणि आयोडीन यांचा निळा रंग त्यामुळे नाहीसा होतो, आणि तो पालट नुसत्या डोळ्यांनी दिसतो. महागड्या यंत्राची गरज नाही, हा गरीब देशास केवढा लाभ! यातील काही प्रारंभीचे निबंध पी. कलिराज, घिरणीकर आणि हरिनाथ यांच्या नावे 1979च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढे क्षयरोगाच्या निदानासाठीही याच दिशेने काम झाले, आणि त्या चाचणीस सेवाग्रामच्या नावावरून 'सेवा' हे नाव मिळाले.

या पद्धतीसही मर्यादा होती. रोग बरा झाला तरी प्रतिद्रव्य काही काळ रक्तात राहते, त्यामुळे कृमी जिवंत आहे की नाही हे त्यावरून नेहमीच ठरत नाही. पुढे परदेशी सिद्ध झालेली, रक्तातील प्रतिजनच शोधणारी कार्डावरील चाचणी जगभर रूढ झाली. 1997 साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव केला, आणि 2004 पासून भारतात रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्वांनाच औषध देण्याची मोहीम सुरू झाली. विज्ञानात कोणाचेही पाऊल शेवटचे नसते. म्हणून पहिल्या पावलांचे मोल मात्र कमी होत नाही.

त्या पावलांत एक पाऊल खेडुतांचेही होते, हे विसरता कामा नये. ज्या चाचणीने रात्रीचे जागरण टळावयाचे, ती मुळात रात्री दिलेल्या रक्तातूनच घडली. निबंधावर संशोधकांची नावे आली आणि पदव्या विद्यार्थ्यांस मिळाल्या. ज्यांनी झोपेतून उठून हात पुढे केला, त्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत. हे ऋण फेडावयाचे, तर त्या घरातील पुढल्या पिढीचा पाय सुजू नये, एवढी एकच रीत आहे. विद्यापीठाची पदवी केवढी मोठी, याचे माप अखेर त्याच उंबरठ्यावर व्हावयाचे.