देवीचा हुकूम आणि सूझनचा नकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात ‘हस्तक्षेप’ या सत्रात केलेलं भाषण.)



‘हस्तक्षेप’ या विषयावर बोल म्हटल्यावर मी कायद्याची कलमं घेऊन येईन असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र एका जुन्या इंग्रजी मालिकेतली गोष्ट घेऊन आले आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका १९६३ साली सुरू झाली. काळातून मागेपुढे प्रवास करणाऱ्या माणसांच्या या गोष्टी. निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, वय २७, बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. त्या काळातले बरेच भाग पुढे पुसले गेले. पण १९६४च्या मे-जूनमध्ये दाखवलेली ‘द ॲझटेक्स’ ही चार भागांची कथा शाबूत राहिली. लेखक जॉन ल्युकारोटी. मी आजारी पडून घरी होते तेव्हा भाचीने ती मला दाखवली, आणि मग मला रात्रभर झोप आली नाही.

मेक्सिकोत, स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या काळात, प्रवासी एका थडग्यात उतरतात. त्यांच्यातली बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका. थडग्यातलं कडं ती सहज हातात घालते, आणि बाहेरचा पुजारी तिला यटाक्सा या जुन्या महापुजाऱ्याचा अवतार समजतो. आपल्याकडे बाईच्या अंगात येतं, तसं हे नव्हे. इथे लोकच तिला देवी ठरवतात, ती नुसती नाही म्हणत नाही.

आणि मग तिला वाटतं, हातात सत्ता आलीच आहे तर नरबळी बंद करू. ती प्रथा थांबली, तर पुढे येणारा कोर्तेस या लोकांचा नाश करणार नाही, त्यांची कला, शेती, शहरं वाचतील. डॉक्टर तिला परोपरीने बजावतो की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही. भर समारंभात बळी थांबवते. ज्याचा बळी जायचा होता तो तरुण सुटकेचा श्वास टाकत नाही. आपला मान गेला म्हणून तो मंदिरावरून उडी घेतो. आणि लगेच पाऊस येतो! बळी देणारा पुजारी त्लोतोक्सल लोकांना काय सांगत असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हा प्रसंग पाहताना मला माझी जीप आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गावात लग्न थांबवलं. मुलगी सोळाची. पोलीस बरोबर, २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हातात. मांडव उतरवला, आई-वडिलांकडून लिहून घेतलं, फोटो काढले, संध्याकाळी परत. संस्थेच्या वार्षिक अहवालात ते लग्न ‘रोखलेले’ या रकान्यात गेलं. तीन आठवड्यांनी त्याच मुलीचं लग्न मामाच्या गावी रात्री उरकलं, वऱ्हाड नाही, वाजंत्री नाही. आई मला रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “ताई, तुमच्यामुळे पोरीला चार भांडीपण देता आली नाहीत.” त्या पूर्ण दिवसात मी त्या मुलीशी एक वाक्यही बोलले नव्हते. तिला काय हवं होतं, मला आजही माहीत नाही.

बार्बराचंही तेच होतं. ती पुजाऱ्यांशी बोलते, सिंहासनावरून बोलते. तिथल्या बाया काय म्हणतात, हे ती विचारत नाही. इतिहासाची शिक्षिका असून तिचा इतिहासही कच्चा आहे! कोर्तेस १५१९ साली आला तो सोन्यासाठी आणि राज्यासाठी. नरबळी हे त्याला सांगायला बरं कारण होतं. १५२१ साली तेनोच्तित्लान पडलं ते १५२०च्या देवीच्या साथीमुळे, वेढ्यामुळे, आणि ॲझटेकांचे वैरी असलेले त्लाश्कालाचे हजारो लढवय्ये स्पॅनिशांच्या बाजूला गेल्यामुळे. या सगळ्यात कोर्तेसची दुभाषी होती मालिंत्सिन, त्याला भेट म्हणून दिलेली एक गुलाम मुलगी. पुढे तिला गद्दार म्हणणाऱ्यांनी हे विचारलं नाही की तिला भेट म्हणून देताना तिची संमती कुणी घेतली होती.

पण या कथेत एक मुलगी आहे, डॉक्टरची नात सूझन. तिला तिथल्या रीतीभाती शिकायला पाठवतात. बळी जाणाऱ्या तरुणाला शेवटच्या दिवसांत मागेल ते द्यायचं असतं, आणि तिच्याशी लग्न ठरवलं जातं. ती साफ सांगते, मी कुणाशी लग्न करायचं ते दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. शिक्षा ठरते, काट्यांनी जीभ आणि कान टोचण्याची. बोलणारी जीभ आणि ऐकणारे कान! १९६४च्या मुलांच्या कार्यक्रमात हे आहे. मला आपल्या रखमाबाई आठवल्या. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, असा निकाल १८८७ साली मुंबईत लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करते म्हटलं. कायदे नंतर आले. आधी एका बाईचा नकार होता.

शेवटी सूर्यग्रहणाच्या वेळी बळी जातोच. बार्बरा हरते. कुणी बदलत असेल तर तो एकच, ज्ञानाचा पुजारी ऑतलोक. तो तिच्याशी बोलतो, शंका विचारतो, आणि सगळं सोडून एकटा निघून जातो. त्याच्यासाठी तू काहीतरी केलंस, असं डॉक्टर तिला सांगतो. मला हे सांत्वन पुरेसं वाटत नाही. ऑतलोक जाताना आपल्या घराचा हक्क कमेकाकडे सोपवतो, आणि त्याच्या जोरावर कमेका ही प्रौढ बाई पहारेकऱ्याला वळवून सुटकेला मदत करते. हिच्याबरोबर डॉक्टर कोको पितो, आणि नकळत त्याचा वाङ्‌निश्चय होऊन बसतो. तिला मागे ठेवून सगळे निघून जातात. तिचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. संस्थेची जीप गेल्यावर गावात उरणाऱ्या आपल्या सखीचं काय होतं, हे आपण तरी कितीदा विचारतो?

म्हणून लग्न थांबवायचंच नाही का? त्या डॉक्टरचं म्हणणं मला मान्य नाही. काळयंत्रात बसणाऱ्याला ते परवडतं, आपल्याला उद्या त्याच गावात जायचं आहे. कायद्यातच पहा, बालविवाह रद्द करून घेण्याचा अर्ज मुलीच्या हातात दिला आहे, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे लग्न लागून गेलं तरी आपलं काम संपलेलं नसतं. पण तो अर्ज तिने करायचा, तर तिच्याशी आधी कुणीतरी बोललेलं हवं.

गेल्या महिन्यात एका वस्तीतली नववीतली मुलगी शाळेच्या मागच्या बाजूने माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, जीप आणू नका. आधी माझ्या आत्याकडे चला, तिचं बाबा ऐकतात.” आम्ही दोघी आत्याकडे गेलो. चहा झाला. आत्या अजून हो म्हणालेली नाही. गुरुवारी परत जायचं आहे, आणि जीपचा नंबर मी वहीत लिहून ठेवला आहे. मुलीलाही तो दाखवला आहे. कधी फिरवायचा, ते ती सांगणार आहे.