औषधाआधीं किडीची मोजणी



भातावर कीड दिसली कीं आपण पहिला प्रश्न विचारतों, “कोणतें औषध मारूं?” आणि तो विचारतों कोणाला? औषध विकणाऱ्याला! ज्याची चूल माल खपला तरच पेटते, तो “यंदा कांहीं मारूं नका” असें सांगेल काय? म्हणून पहिला प्रश्नच बदला. “कीड किती आहे?” हें आधीं, औषधाचें मागाहून.

खोडकिडा घ्या. त्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीं घालून तीं पिवळट केसांनीं झांकते. अळी खोडांत शिरून गाभा खाते. पीक लहान असेल तर फुटवा सुकतो. पोटरींत असेल तर लोंबी पांढरी व पोकळ निघते, तीच पळींज. अळी एकदां आंत शिरली कीं वरून फवारलेलें औषध तिला क्वचितच लागतें. मग मरतें कोण? कोळी, चतुर, बेडूक, हे आपले बिनपगारी रखवालदार. आणि वलगणीला खाचरांत चढलेल्या माशांचीं पिलें.

इंडोनेशिया हा आपल्यासारखाच भात खाणारा देश. तेथें फवारणी वाढली तसे तुडतुडेही वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आधीं मेले. अखेर 1986 सालीं तेथील सरकारनें भातावरील 57 औषधांना बंदी केली, आणि 1989 पासून शेताच्या बांधावर शाळा भरूं लागल्या. शेतकरी दर आठवड्याला चुडांवरील शत्रुकिडे व मित्रकिडे मोजीत आणि काय करावयाचें तें स्वतः ठरवीत.

आपल्याकडे ही विद्या नाहीं असें नाहीं. कर्जतच्या केंद्रांत 1919 सालापासून भाताचें संशोधन चालूं आहे. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ 1972 सालीं निघालें, व त्याचें कृषि विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला येथें आहे. सांगणें साधें आहे. लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडून टाका, त्यांबरोबर अंडीं जातात. कापणी जमिनीलगत करा व धसकटें नांगरून काढा, कारण अळी त्यांतच दडून राहते. युरिया बेताचा घाला, अति युरियावर तुडतुडे पोसतात. 100 फुटव्यांत 5 सुकलेले दिसले, किंवा चौरस मीटरांत एक अंडीपुंज सांपडला, तरच औषधाचा विचार करा.

परंतु पतंगाला बांध अडवीत नाहीं. मीं धसकटें काढलीं आणि शेजाऱ्यानें ठेवलीं, तर दोघांचेंही नुकसान. हें काम गांवानें मिळून करण्याचें आहे. शास्त्रज्ञालाही आपली गरज आहे. कोणत्या खाचरांत पाणी तुंबतें, कीड कोणत्या कोपऱ्यांतून येते, हें त्याला आपल्यावांचून कोण सांगणार? महाराष्ट्रांत 2009 पासून क्रॉपसॅप योजनेंत शेतांत जाऊन कीड मोजण्याचा क्रम सुरूं झाला. पण मोजणारा आला आणि मालक बांधावर नसला, तर ती विद्या कागदावरच राहते.

कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षां फवारा मारणें सोपें. यवतमाळ जिल्ह्यांत 2017 सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें 20 शेतकरी व मजूर मेले. पंप ज्याच्या पाठीवर असतो, विष आधीं त्याच्याच श्वासांत जातें. मोजणीला मात्र अर्धा तास आणि एक वही पुरे.

तेव्हां या हंगामांत गांवोगांवच्या दहा घरांनीं एक वही घालावी. आठवड्यांतून एकदां शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत 20 चुडी पाहाव्या व आंकडे लिहावे. लावणी-बेणणीला वांकलेल्या आपल्या आयाबहिणींना कीड सर्वांआधीं दिसते. त्यांना या कामांत बरोबरीनें घ्या. वही घेऊन केंद्रांत जा, शास्त्रज्ञाला बांधावर बोलवा, आणि त्याचा सल्ला फसला तर तेंही त्याला स्पष्ट सांगा. दुकानाची पायरी त्यानंतर.