बालीचा निरोप घेताना



परदेशातील सहलीचा शेवटचा दिवस हुरहूर लावणारा असतो. सामान बांधून होते, विमानाची वेळ जवळ येते आणि आठ दिवस नुसते पाहत सुटलेले मन प्रथमच हिशेब मांडू लागते: यापुढे उणीव भासेल ती कशाची? युरोपातून परतणारा प्रवासी स्वच्छ रस्ते आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या आठवतो. इंडोनेशियातील बाली बेटावरून परतणाऱ्या मराठी कुटुंबाची गोष्ट मात्र वेगळी आहे. सागरकिनारे काय, कोकणातही आहेत. त्याचे पाऊल अडखळते ते अगदी साध्या गोष्टींपाशी, आणि त्या गोष्टी त्याच्या स्वतःच्या पूर्वजांनाही परक्या नव्हत्या.

पहिली उणीव भासेल ती तिथल्या सकाळची. घराच्या दाराशी, दुकानाच्या उंबऱ्यावर, चौकातही कोवळ्या झावळीची छोटी परडी ठेवलेली असते. तिच्यात फुले, चिमूटभर भात, वर उदबत्ती. तिला 'चनांग सारी' म्हणतात. दुपारपर्यंत तिच्यातला भात पाखरे खातात, फुले विखुरतात. त्याचे कुणाला दुःख नसते, कारण उद्या नवी परडी व्हायचीच असते. दिवसातून तीनदा 'त्रिसंध्या' होते आणि तिचा आरंभ गायत्री मंत्राने होतो. मुस्लिमबहुल देशात राहून, पाचांपैकी चारांहून अधिक बालीवासीयांनी हिंदू धर्म टिकवला आहे, तो सभांतील घोषणांनी नव्हे, या रोजच्या परडीने.

दुसरी उणीव भासेल ती पाण्यामागील धर्मभावनेची. डोंगरउतारावरील भातखाचरांना पाणी देणारी 'सुबक' ही शेतकऱ्यांची संस्था सुमारे हजार वर्षे चालत आली आहे. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याने पेरणी केव्हा करायची, हे जलमंदिरांच्या परंपरेतून, एकत्र बसून ठरते. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात ही शिस्त मोडून वर्षभर भात लावला गेला, तेव्हा किडीने पिके ग्रासली. सगळी खाचरे एका वेळी मोकळी राहिली की किडीला अन्न उरत नाही, हे शहाणपण मंदिराच्या वेळापत्रकात दडलेले होते! २०१२ साली युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा मान दिला.

तिसरी उणीव भासेल ती मौनाची. बालीतही शक संवत्सर चालते. त्याचा पहिला दिवस म्हणजे 'न्येपी'. २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा २२ मार्च या एकाच दिवशी आले. दोन्हीकडे शक १९४५ लागले. त्या दिवशी बालीत अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद राहतो. २०१८पासून मोबाईलवरील इंटरनेटही थांबवले जाते. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमा वाजतगाजत मिरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या बेटाने अंतर्मुख व्हायचे, अशी ही रीत. उत्सवाला आवाज हवा तसे मौनही हवे, हे ज्यांच्या सणांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात त्यांनी विचारात घेण्याजोगे आहे.

बाली म्हणजे स्वर्ग नव्हे. पावसाळ्यात तिथल्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकचे ढीग येतात. भातखाचरे हॉटेलांखाली जात आहेत. जे पाहायला प्रवासी येतो, तेच त्याच्या येण्याने झिजते. म्हणून निरोपाच्या वेळची हळहळ पुरेशी नाही. ती छायाचित्रांच्या संग्रहात विरून गेली, तर सहलीचे मोल केवळ पैशांत मोजावे लागेल.

आणि शोधणाऱ्याला घरी काय कमी आहे? धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आधारे शेतकऱ्यांनी शतकानुशतके फड पद्धती चालवली. एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, आणि ते वाटून देणारा पाटकरी गावानेच नेमलेला. सुबकचे हे सख्खे भावंडच! परंतु बाली पाहून आलेल्यांपैकी किती जणांनी हा फड पाहिला असेल? मुलांना न्येपीचे नवल सांगणाऱ्या किती घरांत पाडव्याला तासभर तरी दूरदर्शन संच बंद राहतो?

परक्या भूमीवर ज्याची उणीव भासते ते जर मूळचे घरचेच असेल, तर ती उणीव म्हणजे आठवण नव्हे, ऋण होय. परतलेल्या कुटुंबाने उंबऱ्यावर रोज एक फूल ठेवावे, सुट्टीत मुलांना एखादा जुना बंधारा दाखवावा, वर्षातला एक दिवस मौनासाठी राखावा. ऋणफेडीला एवढा आरंभ पुरे आहे.