उडी, नेम आणि हातवळण

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली ओलांडून पुढें गेलें म्हणजे भूमि हळूहळू निमुळती होत जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि दोहोंच्या मधोमध माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. हेंच देवबाग. पट्टीच्या टोंकाशीं नदी समुद्राला मिळते आणि पैलतीरावर भोगवें दिसतें. या गांवांत जमिनीची चैन नाहीं. पावसाळ्यांत समुद्र किनारा कुरतडतो आणि त्याला आवर घालण्यासाठीं दगडांचे बंधारे घालावे लागतात. ओहोटीनें उघडी टाकलेली पुळण हेंच येथल्या मुलांचें क्रीडांगण.

बास्केटबॉल हा खेळ शहरचा आणि फरसबंद आंगणाचा, अशी सामान्य समजूत आहे. त्याहूनहि दृढ समजूत अशी कीं, उंच उडी आणि अचूक नेम हे उपजत गुण होत. ज्याला ते लाभले त्याला लाभले, इतरांनीं व्यर्थ श्रम करूं नयेत. चार वेळां चेंडू कडीबाहेर गेला कीं वडील माणसें म्हणतात, "त्याच्या हाताला गुणच नाहीं." मूल तें ऐकतें, खरें मानतें आणि कडेला जाऊन बसतें. हा निवाडा न्याय्य आहे काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. तो चुकीचा असेल तर त्यापायीं मूल केवळ एका खेळाला मुकतें असें नव्हे. स्वतःच्या हातांवरील विश्वासालाहि तें मुकतें.

या खेळाचा जन्मच मुळीं दांडगाईला आवर घालण्यासाठीं झाला. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें थंडीच्या दिवसांत छपराखालीं खेळतां येईल असा खेळ योजिला. त्यानें व्यायामशाळेच्या सज्जाला, जमिनीपासून दहा फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. लक्ष्य उभें असलें तर खेळाडू चेंडू बळानें हाणतो आणि त्यांतून इजा होते. तेंच लक्ष्य आडवें आणि डोक्याच्या वर असलें तर चेंडू कमानीनें, हळुवार सोडावा लागतो, असा त्याचा विचार होता. पुढें टोपल्या गेल्या आणि लोखंडी कड्या आल्या. दहा फुटांची उंची मात्र आजहि तीच आहे.

मद्रासेस हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथें तयार झालेल्या शिक्षकांनीं हा खेळ देशभर नेण्यास हातभार लावला. मुंबईंत नागपाड्याच्या दाट वस्तींत तो असा रुजला कीं, तेथें वाढलेले अब्बास मुन्तसिर भारताचे नामांकित खेळाडू झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनीं भारताच्या महिला संघाचें नेतृत्व केलें. नागपाड्याला मोकळ्या जागेची श्रीमंती कधींच नव्हती. चिंचोळ्या जागेंत खेळाडू निपजत नाहीं, असें म्हणण्यास तेव्हां आधार नाहीं.

आतां प्रथम उडीचा विचार करूं. पाय जमिनीवरून सुटले कीं उडी किती उंच जाणार हें ठरून गेलेलें असतें. त्यानंतर हवेंत कितीहि हातपाय झाडले तरी शरीराचा गुरुत्वमध्य आपला मार्ग सोडीत नाहीं. साठ सेंटिमीटर उंच उडी मारणारा खेळाडू हवेंत राहतो तो सारा मिळून सुमारें सात दशांश सेकंद. पण या अल्प वेळाची वांटणी मोठी चमत्कारिक असते. वर जातांना वेग कमी होत जातो आणि माथ्याशीं तो क्षणभर शून्य होतो. यामुळें एकंदर वेळाचा निम्मा भाग उडीच्या केवळ वरच्या चौथाईंत, म्हणजे शेवटल्या पंधरा सेंटिमीटरांत, खर्च होतो. प्रेक्षकांना खेळाडू अधांतरीं तरंगल्यासारखा वाटतो तो यामुळेंच. उडी घेऊन चेंडू टाकणारा कुशल खेळाडू माथ्याच्या आसपासच चेंडू सोडतो, कारण तेथें शरीर जवळजवळ स्थिर असतें.

जमीन सोडतांनाचा वेग वाढवावयाचा कसा? नुसत्या मांड्या बळकट करून भागत नाहीं. उभ्या माणसानें क्षणभर गुडघ्यांत वांकून लगेच उसळी घेतली तर ती, वांकून थांबलेल्या माणसाच्या उसळीपेक्षां उंच जाते. या झटक्याच्या वांकण्यानें स्नायु आधींच ताणले जातात आणि जमिनीला रेटा देण्यास सिद्ध असतात. टांचेमागची जाड शिरहि ताणलेल्या रबराप्रमाणें थोडी शक्ति परत करते. त्यांतच दोन्ही हात मागून पुढें व वर झोंकले तर उंचींत सुमारें एक दशांशाची, कधीं त्याहून अधिकहि, भर पडते. कंबर, गुडघा आणि घोटा हे सांधे या क्रमानें उलगडले पाहिजेत. घोटा आधीं उलगडला कीं मांडीचें बळ वायां जातें. हा क्रम कोणी पोटांतून शिकून येत नाहीं; तो सरावानें अंगीं बाणतो.

उडी संपते कोठें, हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. खालीं येतांना पायांवर देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून पायांचे चवडे आधीं टेकावे, गुडघे वांकवावे आणि ते आंतल्या बाजूस कलूं देऊं नयेत. मुलींच्या बाबतींत ही काळजी विशेष घ्यावी, कारण गुडघ्याचा बंध तुटण्याची दुखापत त्यांना अधिक प्रमाणांत होते.

येथें देवबागच्या पुळणीचा प्रश्न येतो. वाळू पायाखालीं सरकते आणि दिलेला रेटा गिळून टाकते. तिच्यावर उडी ठेंगणी होते आणि दमहि अधिक लागतो. बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, वाळूवर चालण्यास कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक आणि धांवण्यास सुमारें १.६ पट शक्ति खर्च होते. याचा अर्थ असा कीं, पुळणीवर धांवणाऱ्या मुलाची मेहनत फुकट जात नाहीं. त्याचा दमसास वाढतो, आणि उतरतांना बसणारा धक्काहि सौम्य असतो. परंतु कठीण जमिनीवर जी चपळ उसळी लागते ती वाळू शिकवीत नाहीं. तेव्हां आठवड्यांतून कांहीं वेळ शाळेच्या आंगणांत किंवा चोपलेल्या खळ्यावर उड्यांचा सराव करावा, हें उत्तम.

नेमाचें गणित उडीच्या गणिताहून मौजेचें आहे. कडीचा आंतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारें २४. म्हणजे कडी चेंडूच्या जवळजवळ दुप्पट रुंद. पण ही रुंदी चेंडू सरळ वरून आला तरच मिळते. चेंडू तिरपा येऊं लागला कीं त्याच्या दृष्टीनें कडी चपटी होत जाते. ४५ अंशांच्या कोनांतून उतरणाऱ्या चेंडूला ती ३२ सेंटिमीटरच रुंद असते. ३० अंशांवर साडेबावीस, म्हणजे चेंडूहूनहि अरुंद. इतका सपाट आलेला चेंडू कडीला न आपटतां आंत जाणें अशक्यच. सपाट फेंकणारा मुलगा हाताचा वाईट नसतो. तो एका अरुंद दारांतून जाण्याचा हट्ट धरून बसलेला असतो.

मग चेंडू शक्य तितका उंच उडवावा काय? तसेंहि नाहीं. फार उंच फेंकण्यास जोर अधिक लागतो आणि जोर वाढला कीं हाताची चूकहि वाढते. कमींत कमी जोरांत कडी गांठणारा कोन काढण्याची रीत सोपी आहे: हातापासून कडीपर्यंतची चढण जितक्या अंशांची असेल तिच्या निम्मे अंश ४५ मध्यें मिळवावे. दंडफेकीच्या रेषेपासून कडीचा मध्य सुमारें सव्वाचार मीटर दूर असतो. दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडल्यास चढण सुमारें १४ अंशांची होते. म्हणजे कोन झाला ५२. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठांतील सिल्व्हरबर्ग आणि ट्रॅन यांनीं गणकयंत्रावर असंख्य फेकी आजमावून काढलेला कोनहि ५२ अंशांचाच आहे. चेंडूला सेकंदास सुमारें तीन उलट गिरक्या द्याव्या, असेंहि त्यांचें सांगणें आहे. म्हणजे तो कडीवर किंवा फळीवर आपटला तरी त्याचा वेग मंदावतो. कमी जोराची फेक हीच चुकांना अधिक क्षमा करते. नेस्मिथनें कडी आडवी केली ती याच न्यायानें.

आतां मुख्य प्रश्न. हा कोन, हा जोर आणि ही गिरकी हाताला शिकवावी कशी? याचें उत्तर देवबागच्या खाडींतच आहे. कर्लीच्या उथळ पाण्यांत उभा राहून पाग टाकणारा मनुष्य पाहावा. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी, एक घडी कोंपरावर, उरलेलें जाळें हातांत. कंबरेला पीळ देऊन तो तें असें सोडतो कीं हवेंत गोल छत्री उघडते. शिकाऱ्या पोराचें जाळें मात्र प्रथम दोरीसारखें पडतें. त्याला कोणी 'हाताला गुण नाहीं' असें म्हणत नाहींत. जाळें कोठें मिटलें हें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें आणि पुढल्या फेकींत तो कांहींतरी बदलतो. शेंकडों फेकींनंतर त्याचा हात बसतो.

'फेकीचा परिणाम कळणें' ही शिक्षणाची पहिली अट होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं लोकांचे डोळे बांधून त्यांना ठराविक लांबीच्या रेघा काढावयास सांगितल्या. काढलेली रेघ बरोबर कीं चूक हें न सांगतां कितीहि रेघा काढविल्या तरी सुधारणा होईना. नुसतें 'बरोबर' किंवा 'चूक' एवढें सांगतांच ती होऊं लागली. निव्वळ घोकंपट्टी म्हणजे सराव नव्हे. चेंडू उजवीकडे गेला कीं डावीकडे, आंखूड पडला कीं लांब, हें मुलाला कळलें पाहिजे. गुण आहे किंवा नाहीं, हें सांगून त्याला कांहींच कळत नाहीं.

दुसरी अट विविधतेची. केर आणि बूथ या संशोधकांनीं १९७८ सालीं आठ वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांना तीन फुटांवरील खुणेवर लहानशी पिशवी फेंकण्याचा सराव दिला. कांहींना दोन आणि चार फुटांवरून दिला, तीन फुटांवरून मुळींच नाहीं. परीक्षा मात्र सर्वांची तीन फुटांवर घेतली. सरस ठरलीं तीं दुसरीं मुलें! बदलत्या अंतरांनीं त्यांच्या हाताला एक फेक नव्हे, तर फेकण्याचा नियमच उमगला होता. पण एकच टोंक धरूं नये. दंडफेकीची रेषा कधींच बदलत नाहीं, आणि निष्णात खेळाडूंचा हात त्याच एका जागीं आजूबाजूच्या जागांहून विशेष अचूक चालतो, असेंहि पुढील संशोधनांत आढळून आलें. म्हणून सराव नाना जागांवरून करावा आणि त्या रेषेला तिचा वेगळा वाटा द्यावा.

तिसरी गोष्ट लक्षाची. मनगट कसें वळतें याकडे लक्ष देणाऱ्यापेक्षां कडीकडे लक्ष देणाऱ्याची फेक अधिक अचूक पडते, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. कॅनडांतील जोन व्हिकर्स यांनीं १९९६ सालीं निष्णात खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फेक करण्यापूर्वीं त्यांची दृष्टि जवळजवळ एक सेकंद कडीवर खिळलेली असे. पाग टाकणाराहि हाताकडे पाहत नाहीं, पाण्याकडे पाहतो.

चौथी अट विश्रांतीची. ब्रिटनमध्यें टपालखात्याच्या नोकरांना टंकलेखन शिकवितांना असें दिसलें कीं, रोज एकच तास शिकणाऱ्यांना, रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षां एकूण तास कमी लागले. रविवारीं दिवसभर घाम गाळण्यापेक्षां रोज सायंकाळीं अर्धा तास बरा.

देहाची उंची मात्र शिकवून येत नाहीं, आणि या खेळांत उंच माणसाला लाभ असतो, हें कबूल केलें पाहिजे. पण निवाडा देणारे बहुधा तिच्याविषयीं बोलतच नसतात. दहा वर्षांच्या मुलाला दहा फुटांची कडी आणि मोठ्यांचा चेंडू दिला, तर तो सारा देह झोंकून सपाट फेंकणारच. आणि ती वांकडी संवय पुढें मोडतां मोडत नाहीं. यासाठींच लहानांच्या खेळांत कडी २.६० मीटरांवर ठेवतात आणि चेंडूहि लहान घेतात. दोष पुष्कळदां हाताचा नसून कडीच्या उंचीचा असतो.

देवबागसारख्या गांवाला यासाठीं फारसें कांहीं लागत नाहीं. एक भक्कम खांब, एक कडी, अंगाला साजेसा चेंडू, आणि पाटीवर खडूनें रोजच्या फेकींची नोंद. दहांपैकीं किती आंत पडल्या आणि बाहेरच्या कोठें गेल्या, एवढें लिहिलें तरी पुरे. महिन्यानें ती पाटी जें सांगेल तें कोणाच्याहि मतापेक्षां विश्वसनीय असेल. तोंपर्यंत वडीलधाऱ्यांनीं इतकेंच करावें: 'तुझ्या हाताला गुण नाहीं' असें न म्हणतां 'आंखूड पडला, थोडा उंच सोड' असें म्हणावें. पहिल्या वाक्यानें मूल कडेला बसतें. दुसऱ्यानें तें पुन्हां चेंडू उचलतें. हात बसतो तो त्या पुन्हां उचललेल्या चेंडूनेंच.